रीफ टाकीत फॉस्फेट मोजताना दर वेळी वेगळा आकडा का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात झोआ आणि मशरूमसारखे मऊ कोरल. रंग जुळवायच्या किटवर फॉस्फेट कायम शून्य. हॅना कंपनीच्या एचआय७१३ चेकरवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, मात्र एकाच संध्याकाळी आधी ०.०२, मग ०.०९, मग ०.०५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). काचेवर आणि खडकांवर हिरवं शेवाळ वाढतंय. यातलं खरं काय मानायचं, आणि फॉस्फेट शोषणारं माध्यम टाकायचं का?

माध्यम आत्ता टाकू नका. तुमचे तिन्ही आकडे एकाच पाण्याचे असू शकतात, आणि तरीही चेकर बिघडलेला नसेल.

एचआय७१३ची अचूकता उत्पादकानेच ±०.०४ पीपीएम आणि वर वाचनाच्या ४ टक्के अशी दिली आहे. पाण्यात खरोखर ०.०५ असेल तर पडद्यावर ०.०१ ते ०.०९ यांतलं काहीही आलं तरी यंत्र आपल्या हमीच्या आत आहे. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून दुसरा दशांश विश्वासाचा आहे असं आपण धरून चालतो, तिथेच गोंधळ होतो. या चेकरची कक्षा २.५० पीपीएमपर्यंत आहे. जास्त फॉस्फेट असलेल्या टाकीसाठी तो उत्तम, पण ०.०३ की ०.०६ हे ठरवायला तो पुरेसा बारीक नाही. त्यासाठी एचआय७७४ (०.९० पीपीएमपर्यंत, ±०.०२ आणि ५ टक्के) किंवा एचआय७३६ घ्यावा. एचआय७३६ फॉस्फेट नाही तर फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). त्याचा आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की पीपीएम फॉस्फेट मिळतं. पडद्यावर १६ आलं तर ०.०४९ पीपीएम. त्याची चूक ±५ पीपीबी, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात साधारण ±०.०१५, आणि वर वाचनाच्या ५ टक्के. हा गुणाकार विसरून ‘माझं फॉस्फेट १६ पीपीबी, फारच कमी’ असं समजून लोक टाकीत फॉस्फेट ओतायला लागतात. कोणाशीही आकडा ताडून बघण्याआधी तो फॉस्फेटचा की फॉस्फरसचा, हे विचारा.

किटवरच्या शून्याला तर फारच कमी अर्थ आहे. एपीआय कंपनीच्या किटमध्ये शून्यानंतरचा पहिला रंग ०.२५ चा आहे. रीफ टाकीचा सगळा खेळ त्याच्या खालीच चालतो. सॅलिफर्टसारख्या किटमध्ये ०.०३ चा रंग असतो, पण तो आणि शून्य यांतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. त्यातून टाकीच्या निळ्या एलईडीच्या उजेडात रंग जुळवत असाल तर फिकट निळी छटा दिसणारच नाही. किट वापरायचंच असेल तर दिवसा, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर कुपी ठेवून वरून खाली बघा, आणि शेजारी रीएजंट (रंग आणणारं रसायन) न घातलेल्या पाण्याची दुसरी कुपी ठेवा.

आता मोजणीत नेमकं काय होतं ते समजून घेतलं की चुका कुठे शिरतात ते आपोआप दिसतं. हे चेकर आणि बरीच किटं एकाच रसायनावर चालतात. आम्लात अमोनियम मॉलिब्डेट आणि अँटिमनी पोटॅशिअम टारट्रेट यांचा फॉस्फेटशी संयोग होतो, आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, त्याचं क्षपण करून निळा रंग आणतं. मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये बसवलेली ही पद्धत प्रयोगशाळा आजही वापरतात. चेकर त्या निळ्या रंगातून प्रकाश सोडतो आणि किती अडला ते मोजतो. त्याला निळा रंग, बोटाचा ठसा, बुडबुडा आणि न विरघळलेली पावडर यांतला फरक कळत नाही. प्रकाश अडला की तो फॉस्फेट समजतो. ०.०५ पीपीएमला येणारा निळा रंग इतका फिका असतो की काचेवरचा एक डागही त्याला झाकून टाकतो.

म्हणून तुमच्या तीन आकड्यांमागे माझा पहिला संशय कुपीवर आहे. एकाच कुपीने दोन्ही वाचनं घ्या, म्हणजे आधी शून्य करायचं वाचन आणि मग रंगाचं. दोन कुप्या सारख्या दिसल्या तरी त्यांची काच सारखी नसते. कुपीच्या गळ्यावर कायम शाईने एक छोटी खूण करा आणि ती खूण दोन्ही वेळा चेकरच्या पुढच्या बाजूला ठेवा. काच गोल असली तरी तिची जाडी सगळीकडे एकसारखी नसते, थोडी फिरली तरी दोन-तीन शतांशांचा फरक पडतो. खाचेत घालण्यापूर्वी बाहेरून मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि मग फक्त झाकणाला धरा.

क्रम असा ठेवा. कुपी आणि झाकण टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा. सिरिंजने मोजून १० मिलि पाणी घ्या. कुपीवरच्या रेषेवर भिस्त ठेवू नका, पाण्याचा वक्र वरचा काठ वाचताना चूक होते. झाकण लावा, पुसा, खूण पुढे ठेवून आत घाला आणि बटण दाबून शून्य करा. रीएजंटची पुडी टिचक्या मारून पावडर तळाशी आणा, मगच कापा, तोंड चिमटीत धरून नळीसारखं करा आणि सगळी पावडर कुपीत पाडा. कोपऱ्यात अडकलेली पावडर आकडा कमी करते, विशेषतः अल्ट्रा लो रेंजच्या (एचआय७७४, एचआय७३६) पुड्यांत, कारण त्यांत पावडर मुळातच थोडी असते. दोन मिनिटं हलक्या हाताने हलवा. जोरात हलवलं की बारीक बुडबुडे होतात आणि ते भिंतीला चिकटून बसतात. विरघळल्यावर कुपी सावकाश दोनदा उलटीसुलटी करा, तळाला एक टिचकी मारा, उजेडाकडे धरून बघा. बुडबुडे नाहीत, गाळ नाही, हे पाहूनच आत घाला. मग बटण दाबून धरा म्हणजे तीन मिनिटांची उलटी मोजणी सुरू होईल. नुसतं दाबून सोडलंत तर लगेच वाचन येतं, रंग पुरता चढलेला नसतो आणि आकडा कमी पडतो. रंग वेळेबरोबर गडद होत जातो, त्यामुळे तीन मिनिटं म्हणजे दर वेळी तीनच मिनिटं.

चेकर थोडा वेळ बटण दाबलं नाही तर आपोआप बंद होतो, आणि मग शून्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे पुडी, कात्री, फडकं, सगळं आधी हाताशी मांडून ठेवा. घाईत पावडर अर्धवट विरघळलेली असताना कुपी आत जाते, आणि ०.०९ सारखा आकडा बहुतेक वेळा असाच येतो.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. पुड्यांत ओल शिरली की पावडरचे खडे होतात आणि ते नीट विरघळत नाहीत. पुड्या सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. पावडर मोकळी पडत नसेल किंवा तिचा रंग बदललेला दिसत असेल तर ती पुडी टाकून द्या. पुडीवरची अंतिम तारीखही बघा.

कुपी भांड्यांच्या साबणाने कधीही धुऊ नका. साबणात फॉस्फेट असू शकतं, आणि आपण शतांशांत मोजतोय. मोजून झाल्यावर निळं पाणी लगेच ओता, कुपी तीनदा आरओडीआय पाण्याने (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या शुद्ध पाण्याने) विसळा, उघडी उलटी वाळवा. निळं पाणी रात्रभर राहिलं तर काचेवर रंगाचा थर धरतो. तसा डाग पडला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा आणि पुन्हा आरओडीआयने विसळा. वापरलेलं पाणी टाकीत परत जाऊ देऊ नका, त्यात आम्ल आणि अँटिमनी आहे.

एवढं झालं की तीन चाचण्या करा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्यानंतर तुमच्या आकड्यांना अर्थ येईल.

पहिल्या चाचणीत रीएजंटच नाही. टाकीच्या पाण्याने शून्य करा, कुपी बाहेर काढा, पुसा, काहीही न घालता परत आत घाला आणि वाचन घ्या. ०.०० यायला हवं, फार तर ०.०१. ०.०३ किंवा जास्त आलं तर तो कुपीचा, ठशांचा किंवा फिरवण्याचा दोष आहे. हे पाच वेळा करा. या पाच वाचनांत जितकी तफावत दिसेल तितकी तुमच्या हाताची चूक.

दुसरी चाचणी आरओडीआय पाण्यावर, पूर्ण पद्धतीने, रीएजंट घालून. शून्याच्या आसपास यायला हवं. तसं आलं नाही तर कुपी किंवा सिरिंज अस्वच्छ आहे, नाहीतर पाण्यातच फॉस्फेट आहे. इथे एक सांगायलाच हवं: स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात चव येण्यासाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर आणि मिनरलचं काडतूस असतं, म्हणजे थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं तरीही फॉस्फेट नाही असं ठरत नाही. ०.१ पीपीएम फॉस्फेट त्या मीटरच्या सगळ्यात लहान पायरीच्याही खाली राहतं. त्याच बैठकीत एक लिटर नवं मिठाचं पाणी कालवून एक दिवस फिरवत ठेवून तेही मोजा.

तिसरी चाचणी सगळ्यात मोलाची, आणि तिच्यासाठी लागणारा पदार्थ महाराष्ट्रात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. द्राक्षबागांना देतात ते ०:५२:३४ खत म्हणजे मोनो पोटॅशिअम फॉस्फेट. कोरडं, मोकळं खत १.४३ ग्रॅम मोजा (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल) आणि आरओडीआय पाण्यात विरघळवून एक लिटर करा. हे झालं १००० पीपीएम फॉस्फेटचं मूळ द्रावण. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आता टाकीचं एक लिटर पाणी स्वच्छ भांड्यात घ्या, त्यात या द्रावणाचे ०.१ मिलि घाला. ४० युनिटच्या १ मिलि इन्सुलिन सिरिंजवर ते चार युनिट होतात. नीट ढवळा. या पाण्यातलं फॉस्फेट टाकीपेक्षा बरोबर ०.१० ने जास्त आहे. दोन्ही पाणी तीन-तीनदा मोजा आणि सरासरी काढा. टाकी ०.०५ आणि हे ०.१५ च्या आसपास आलं तर तुमची पद्धत आणि पुड्या दोन्ही ठीक. फरक ०.०४ च आला तर पुड्या जुन्या किंवा हाताळणीत पावडर वाया जातेय. फरक ०.१८ आला तर बुडबुडे, गाळ किंवा सिरिंजची चूक शोधा.

ही चाचणी टाकीच्याच खाऱ्या पाण्यात करायची, कारण तुम्हाला नेहमी तेच पाणी मोजायचं आहे. आणि यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही. तुमचाच एचआय७१३ नीट वापरून, तीन वाचनांची सरासरी घेऊन, कल कोणत्या दिशेला आहे ते पुरेसं कळतं. पण सरासरीने फक्त हाताची तफावत कमी होते. यंत्र कायमच थोडं वर किंवा खाली दाखवत असेल तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीतूनच उघड होतं.

नमुना कुठून आणि केव्हा घ्यायचा यालाही शिस्त हवी. खाऊ घालण्याआधी, रोज एकाच वेळी, टाकीच्या मधल्या पाण्यातून घ्या. वाळू हलवल्यावर, काच खरवडल्यावर किंवा पाणी बदलल्यावर लगेच नको. पाण्यात तरंगणारे कण असतील तर रीएजंटमधल्या आम्लात त्यांच्यातलंही फॉस्फेट सुटतं आणि आकडा वर जातो. शंका असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. फिल्टरमधून आधी थोडं पाणी जाऊ देऊन ते टाकून द्या. नमुना घेतला की लगेच मोजा. सकाळी भरून संध्याकाळी मोजलेल्या पाण्यात दरम्यान जीवाणूंनी फॉस्फेट खाल्लेलं असतं.

आता शेवाळ. आकडा कमी आणि शेवाळ भरपूर, यात विसंगती काहीच नाही. चाचणी पाण्यात उरलेलं मोजते. शेवाळाने आणि कोरलने जे आधीच घेतलं, ते तिला दिसत नाही. शिवाय ही रसायनं फक्त अजैविक ऑर्थोफॉस्फेट पकडतात; अन्नाच्या आणि मृत पेशींच्या सेंद्रिय फॉस्फरसला ती हात लावत नाहीत. बाहेर आयसीपीला (मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या चाचणीला) पाठवलेल्या नमुन्यात एकूण फॉस्फरस मोजलं जातं, म्हणून तो आकडा चेकरपेक्षा वेगळा येऊ शकतो. दोघांपैकी कोणीतरी खोटं असलंच पाहिजे असं नाही.

आत किती येतंय याचा हिशेब केला की डोळे उघडतात. कोरड्या खाद्यात फॉस्फरस १ टक्का धरा. एक ग्रॅम खाद्य म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. तुमच्या २०० लिटरमध्ये ते सगळं मोकळं झालं तर ०.१५ पीपीएमची भर. तरीही आकडा ०.०५ वर राहतो, कारण शेवाळ, जीवाणू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि खडक ते उचलत असतात. शेवाळ कमी करायचं तर आधी खाद्य मोजून द्या, गोठवलेल्या खाद्याचं पाणी गाळून फेका, शेवाळ हाताने काढा. काढलेलं शेवाळ म्हणजे टाकीबाहेर गेलेलं फॉस्फेटच.

खडकांकडे विशेष लक्ष द्या. कॅल्शियम कार्बोनेटच्या खडकावर आणि वाळूवर फॉस्फेट चिकटतं, आणि पाण्यातलं कमी झालं की परत सुटतं. म्हणून माध्यम टाकल्यावर आकडा दोन दिवस खाली येतो आणि आठवड्याने पुन्हा वर जातो. लोक मग माध्यमाला दोष देतात. जुने कोरडे खडक घेतले असतील तर एक तुकडा बादलीत नव्या खाऱ्या पाण्यात पंप लावून ठेवा आणि काही दिवस मोजत राहा. आकडा चढत गेला तर उगम सापडला. आणि खडकांचा विषय निघालाच आहे म्हणून: मालवणच्या किंवा आपल्या कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ असलेले खडक उचलून आणू नका. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी भरून आणायचाही मोह टाळा. वरळी आणि वांद्र्याला शहराचं सांडपाणी पाइपांतून समुद्रात सोडलं जातं.

किती असावं? मऊ कोरलच्या टाकीला ०.०३ ते ०.१० पीपीएम मला योग्य वाटतं, आणि ०.०८ ला स्थिर असलेली टाकी ०.०२ आणि ०.०९ मध्ये झोके खाणाऱ्या टाकीपेक्षा केव्हाही बरी. खुल्या प्रवाळबेटांवर पाण्यात याहून कितीतरी कमी असतं, पण तिथे प्लवकांचं खाणं अखंड वाहत येतं. टाकीत तसं नसतं. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर गेले की कोरल फिके पडतात आणि तपकिरी, बुडबुडे धरलेले डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय जीव) पसरतात. ते हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असतात. म्हणूनच सुरुवातीला माध्यम टाकू नका म्हटलं. तुमचं खरं फॉस्फेट ०.०५ असेल तर काढण्याची गरजच नाही.

चाचण्यांनंतर सरासरी सलग तीन आठवडे ०.१५ च्या वर राहिली तरच लोहाचं दाणेदार माध्यम, म्हणजे जीएफओ, वापरा. पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घ्या आणि दर दोन दिवसांनी मोजा. रिॲक्टरमध्ये, म्हणजे माध्यम भरलेल्या नळीत, शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी वेगवेगळं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले की माध्यम संपलं. लॅन्थॅनम क्लोराइड तुम्ही तरी वापरू नका. त्याने फॉस्फेट झटक्यात पडतं, अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) खाली येते, आणि बारीक गाळ गाळून घेतला नाही तर टँग मासे आणि शिंपले दगावू शकतात.

आणि चाचण्यांतून उलटंच निघालं, म्हणजे फॉस्फेट खरोखर शून्य, तर आधी खाद्य थोडं वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रयोगशाळेच्या दर्जाच्या मोनो पोटॅशिअम फॉस्फेटचं तसंच १००० पीपीएमचं द्रावण करा. खत मोजणीला चालतं, टाकीत घालायला शुद्ध पदार्थ घ्या. २ मिलि घातलं की २०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएमची भर पडते. दिवसाला याहून जास्त नको. सुरुवातीचे काही दिवस आकडा हलणारच नाही, कारण खडक ते शोषतात. म्हणून मात्रा वाढवू नका, रोज तेवढीच घालत मोजत राहा.